संदेश रांगा व घटनाचालित आज्ञावल्या

संदेश रांगा व घटनाचालित आज्ञावल्या : (संगणकविज्ञान). संगणकावर चालू असलेल्या एका कामाने दुसऱ्या कामाला अथवा संगणकचालकाला कळवावयाची माहिती, ती घेणारा मोकळा होईपर्यंत, आल्या क्रमाने जेथे साठवून ठेवली जाते त्या स्थानास संदेश रांग म्हणतात. एखादी ठराविक घटना घडताच, उदा., फाइलीत नवी नोंद दाखल होताच किंवा रांगेत संदेश येऊन पडताच, कोणी वेगळी आज्ञा न देता जी आज्ञावली आपोआप चालू होते ती घटनाचालित आज्ञावली होय. व्यावसायिक संगणकांत या दोहोंचा उपयोग बहुधा जोडीने करतात. अशा व्यवस्थेत काम सुरळीत चालले असता ते कोणाच्या नजरेस येत नाही. बिघाड झाला की मात्र तो शोधणे अवघड जाते. याचे कारण असे की, दोष ज्या ठिकाणी व ज्या वेळी निर्माण होतो त्या ठिकाणी व त्या वेळी तो दिसत नाही. त्याचे लक्षण दुसऱ्याच आज्ञावलीत, दुसऱ्याच पडद्यावर आणि कित्येकदा काही तासांनी प्रकट होते. प्रस्तुत नोंदीत अशा दोषांचे स्वरूप व त्यांच्या शोधाची पद्धती यांची माहिती दिली आहे. विवेचनासाठी आयबीएम कंपनीचा एएस/४०० हा मध्यम आकारमानाचा संगणक व त्याचे वंशज आधारभूत धरले आहेत.

इतिहास : रांगेचा गणिती अभ्यास संगणकापेक्षा जुना आहे. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतील आ. क्रा. एर्लांग या डॅनिश गणितज्ञांनी दूरध्वनी केंद्रात येणाऱ्या मागण्यांचे विश्लेषण करणारा निबंध १९०९ मध्ये प्रसिद्ध केला व त्यातून पुढे रांग सिद्धांत विकसित झाला. संगणकात एकाच वेळी अनेक कामे चालविणे शक्य झाल्यावर, एका कामाने निर्माण केलेली माहिती दुसऱ्या कामाच्या हाती सुरक्षितपणे कशी द्यावी, हा प्रश्न उभा राहिला आणि रांग हे त्याचे स्वाभाविक उत्तर ठरले.

आयबीएमच्या अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथील प्रयोगशाळेत मध्यम आकारमानाच्या व्यावसायिक संगणकांची परंपरा निर्माण झाली. सिस्टिम/३८ हा संगणक १९७८ मध्ये जाहीर झाला. सिस्टिम/३८ व सिस्टिम/३६ या दोन निराळ्या वंशांचे गुण एकत्र करून २१ जून १९८८ रोजी एएस/४०० जाहीर झाला. या संगणकात माहितीसंच व्यवस्था, सुरक्षितता, संदेशवहन व कामांचे नियोजन ही सर्व अंगे कार्यकारी प्रणालीतच अंतर्भूत केलेली होती. ती वेगळी विकत घेऊन जोडावी लागत नसत. फाइलींना ट्रिगर जोडण्याची सोय या संगणकात १९९४ मध्ये आली. रांगांमधील संदेश निरनिराळ्या बनावटीच्या संगणकांत पोहोचविणारी एमक्यूसीरिज ही प्रणाली आयबीएमने १९९३ मध्ये आणली. एसक्यूएल भाषेच्या १९९९ च्या आंतरराष्ट्रीय मानकात ट्रिगरचा समावेश झाला. एएस/४०० ची नावे पुढे आयसीरिज (२०००) व सिस्टिम आय (२००६) अशी बदलत गेली आणि २००८ पासून त्याची कार्यकारी प्रणाली ‘आयबीएम आय’ या नावाने पॉवर जातीच्या संगणकांवर चालते. नावे बदलली, तरी संदेश रांगांची मूळ रचना कायम राहिली. त्यामुळे तीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या आज्ञावल्या आजही अनेक ठिकाणी चालू आहेत व त्यांचे दोषशोधन हे आजचेही काम आहे.

विदेशी चलनविषयक कायद्यामुळे आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील व्यवसाय गुंडाळला. येथील तिच्या संगणकांची देखभाल त्यानंतर भारत सरकारच्या सीएमसी या कंपनीकडे आली. टाटा उद्योगसमूहाच्या भागीदारीने आयबीएम १९९२ मध्ये भारतात परतली. एएस/४०० चा जन्म या मधल्या काळातील असल्याने, प्रथम या यंत्राशिवाय वाढलेली भारतीय तंत्रज्ञांची पिढी नंतर मोठ्या प्रमाणावर त्यावर काम करू लागली.

संदेश रांगांचे प्रकार : या संगणकात ‘संदेश रांग’ हा शब्द एकाहून अधिक गोष्टींना लावला जातो. त्यांतील भेद ध्यानात न घेतल्याने दोषशोधनात पुष्कळ वेळ वाया जातो.

(१) व्यक्ती व यंत्र यांच्या रांगा : प्रत्येक उपयोगकर्त्याच्या नावाची आणि प्रत्येक पडद्याची स्वतंत्र संदेश रांग असते. याखेरीज प्रणालीचालकाची एक मध्यवर्ती रांग असते. कागद संपल्याची सूचना, पार्श्वभूमीवर चाललेल्या कामाने विचारलेला प्रश्न इ. संदेश तीत येतात. रांगेत येणारा संदेश कसा पोहोचवावा हे ठरविता येते. ‘व्यत्यय’ पद्धतीत संदेश येताच चालू काम थांबवून तो समोर येतो. ‘सूचना’ पद्धतीत फक्त दिवा किंवा आवाज यांनी इशारा मिळतो. ‘धारण’ पद्धतीत संदेश मुकाट्याने साठत राहतो.

(२) कामाच्या अंतर्गत रांगा : संगणकावरील प्रत्येक काम (ज्यास चालक ‘जॉब’ म्हणतात) स्वतःची संदेश रांग बाळगते. एका आज्ञावलीने दुसरीस, दुसरीने तिसरीस पाचारण केले म्हणजे आज्ञावल्यांची एक उतरंड तयार होते. या उतरंडीतील प्रत्येक आज्ञावलीला आपल्या वरच्या व खालच्या आज्ञावलीकडून संदेश मिळू शकतात. चूक झाल्याची वार्ता याच मार्गाने एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाते. या संदेशांची लेखी नोंद म्हणजे जॉब लॉग होय.

(३) डेटा रांगा : यांत मनुष्याने वाचावयाचे संदेश नसतात. एका आज्ञावलीने दुसरीसाठी ठेवलेल्या माहितीच्या तुकड्यांची ही रांग असते. आल्या क्रमाने, उलट क्रमाने किंवा किल्लीनुसार तीतून माहिती काढता येते. नेहमीच्या पद्धतीने वाचलेला तुकडा रांगेतून नाहीसा होतो, ही गोष्ट दोषशोधनाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे.

प्रत्येक पूर्वनियोजित संदेशाला सात अक्षरांचा ओळखक्रमांक असतो. पहिली तीन अक्षरे संदेश कोणत्या विभागाचा आहे ते सांगतात व उरलेली चार स्थाने षोडशमान पद्धतीतील अंकांची असतात. उदा., ‘सीपीएफ’ने सुरू होणारे संदेश कार्यकारी प्रणालीचे, तर ‘एमसीएच’ने सुरू होणारे यंत्राच्या अंतःस्तराचे असतात. याशिवाय संदेशाला ० ते ९९ या दरम्यान तीव्रतेचा अंक असतो. काही संदेश केवळ माहिती देतात. काही पृच्छा करतात व उत्तर मिळेपर्यंत काम थांबवून ठेवतात. काही, पुढे जाणे अशक्य झाले असे पाचारण करणाऱ्या आज्ञावलीला सांगतात. या शेवटच्या प्रकारास ‘एस्केप’ संदेश म्हणतात.

घटनाचालित आज्ञावल्यांचे प्रकार : घटनेचे स्वरूप व आज्ञावली चालण्याची जागा यांवरून यांचे चार प्रकार पडतात.

(१) फाइलीचा ट्रिगर : नोंद दाखल करणे, बदलणे, काढून टाकणे किंवा (२००१ पासून) वाचणे यांपैकी एखादी क्रिया घडण्यापूर्वी अथवा घडल्यानंतर ही आज्ञावली पाचारली जाते. तिला नोंदीची जुनी व नवी प्रत, फाइलीचे नाव, क्रियेचा प्रकार इ. माहिती एका स्मृतिखंडात मिळते. ट्रिगर वेगळ्या कामात चालत नाही. ज्या कामाने नोंद बदलली त्याच कामात, त्याच कामाच्या लायब्ररी-यादीनुसार व ते काम थांबवून तो चालतो. म्हणून एकच ट्रिगर सकाळच्या पडद्यावर निर्वेधपणे चालतो आणि रात्रीच्या पार्श्वभूमीवरील कामात त्याच फाइलीसाठी अडखळतो, असे घडू शकते.

(२) व्यत्यय-हाताळणी आज्ञावली : संदेश रांगेला ‘व्यत्यय’ पद्धत लावून तिच्याशी एक आज्ञावली जोडता येते. पुरेशा तीव्रतेचा संदेश येताच ती चालू होते. तिला रांगेचे नाव, लायब्ररीचे नाव व संदेशाची चार अक्षरी किल्ली या तीनच गोष्टी मिळतात. मजकूर तिने स्वतः रांगेतून घ्यावयाचा असतो.

(३) रांगेवर वाट पाहणारी आज्ञावली : ही सतत चालू असते व डेटा रांगेत काही येईपर्यंत निद्रिस्त राहते. किती सेकंद वाट पाहावी हे तिला सांगता येते. हा अंक ऋण असल्यास ती अमर्याद काळ वाट पाहते.

(४) रांगप्रणालीचा ट्रिगर : एमक्यूसीरिजसारख्या प्रणालीत रांगेत संदेश येताच प्रणाली एका वेगळ्या प्रारंभ-रांगेत सूचना टाकते व तेथे लक्ष ठेवून असलेली आज्ञावली योग्य ते काम सुरू करते. पहिल्या संदेशाला, प्रत्येक संदेशाला किंवा रांग ठराविक लांबीची झाल्यावर अशा तीन प्रकारे ही सूचना निघू शकते.

एक उदाहरण : वरील घटक एकत्र कसे काम करतात व कोठे अडतात हे पुढील कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. नागपूर जिल्ह्यातील भिवापूर हे गाव लाल मिरचीसाठी प्रसिद्ध असून भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. समजा, तेथील एका खरेदी केंद्रावर शेतकऱ्यांनी आणलेल्या मिरचीचा तोल होतो. मापाऱ्याने वजन सांगितले की कारकून पडद्यावर शेतकऱ्याचा क्रमांक, प्रत, वजन व दर भरतो आणि तोलपावती छापली जाते. नोंद तोल-फाइलीत दाखल होताच तिच्यावरील ट्रिगर त्या नोंदीची प्रत डेटा रांगेत ठेवतो. रांगेवर वाट पाहणारी दुसरी आज्ञावली ती प्रत घेऊन हमाली व इतर वजावट करते आणि चुकाऱ्याची नोंद दुसऱ्या फाइलीत लिहिते. तीवरून शेतकऱ्याला पैसे मिळतात.

या रचनेचा लाभ उघड आहे. कारकुनाला चुकाऱ्याचा हिशेब पुरा होईपर्यंत थांबावे लागत नाही. पुढच्या पोत्याचा तोल लगेच घेता येतो. परंतु याचाच दुसरा अर्थ असा की, चुकाऱ्याच्या हिशेबात अडचण आली तर कारकुनाला ती कळत नाही. त्याच्या पडद्यावर सर्व ठीक दिसते, पावत्याही निघत राहतात. दुपारी शेतकरी खिडकीवर आल्यावरच एकाही चुकाऱ्याची नोंद नाही असे आढळते.

अशा वेळी थांबलेले काम बंद करणे, रांग रिकामी करणे व काम पुन्हा सुरू करणे हा उपाय हाताशी असतो आणि घाईत तोच केला जातो. काम खरोखरच पुन्हा चालू होते, पुढच्या नोंदींचे चुकारेही निघू लागतात व दुरुस्ती झाली असे वाटते. प्रत्यक्षात रांगेत थांबलेल्या सर्व नोंदी त्या एका क्रियेने नष्ट झालेल्या असतात. त्या शेतकऱ्यांजवळ तोलपावती असते, परंतु त्यांच्या नावावर चुकारा कधीच निघत नाही. शिवाय काम कशामुळे थांबले होते हे सांगणारा एकमेव पुरावाही नाहीसा होतो. रांग रिकामी करणे म्हणजे दोष दूर करणे नव्हे. ती रांग हीच दोषाची साक्षीदार असते.

दोषांचे वर्गीकरण : घटनाचालित व्यवस्थेतील बहुतेक सर्व तक्रारी ‘काहीच घडले नाही’, ‘काम अडकले’, ‘काम चुकले’ किंवा ‘काम दोनदा झाले’ यांपैकी एका शब्दप्रयोगात मांडता येतात. तक्रार कोणत्या गटातील आहे हे प्रथम ठरविल्यास शोधाचे क्षेत्र पुष्कळ आकुंचित होते.

(१) आज्ञावली चालूच न होणे : ट्रिगर फाइलीला जोडलेला नसणे किंवा तो तात्पुरता निष्क्रिय केलेला असणे, ही साधी कारणे प्रथम पाहावीत. बदलावरील ट्रिगर ‘मूल्य खरोखर बदलल्यासच’ या अटीवर लावला असल्यास, तीच मूल्ये पुन्हा लिहिल्याने तो चालत नाही. रोजकिर्दीवरून (जर्नलवरून) फाइलीत बदल पुन्हा चढविले जातात तेव्हाही ट्रिगर पाचारला जात नाही; त्यामुळे बिघाडानंतर पूर्ववत केलेल्या फाइलीतील नोंदींचे पुढील काम राहून जाते. व्यत्यय-हाताळणी आज्ञावलीच्या बाबतीत संदेशाची तीव्रता ठरविलेल्या मर्यादेपेक्षा कमी असणे हे नेहमीचे कारण आहे. त्याहून फसवे कारण असे की, रांगेला व्यत्यय पद्धत ज्या कामाने लावली ते काम संपताच रांग ‘धारण’ पद्धतीवर परत जाते. सायंकाळी चालकाने पडदा बंद केला की रात्रीचे सर्व संदेश मूकपणे साठत राहतात. रांगप्रणालीच्या ट्रिगरमध्ये प्रारंभ-रांगेवरील लक्ष ठेवणारी आज्ञावली बंद असणे हे कारण आढळते. रांगेच्या लांबीवर आधारलेला ट्रिगर एकदा चालल्यावर आपोआप बंद होतो व तो पुन्हा चालू करावा लागतो, हेही विसरले जाते.

(२) आज्ञावली अडकणे : येथे आज्ञावली चालू झालेली असते, पण पुढे जात नाही. दुसऱ्या कामाने नोंदीला लावलेले कुलूप हे एक कारण होय. फाइल तयार करताना वेगळे सांगितले नसल्यास संगणक कुलूप सुटण्याची ६० सेकंद वाट पाहतो. ट्रिगर मूळ कामातच चालत असल्याने हा विलंब थेट पडद्यासमोरील मनुष्याला जाणवतो व ‘संगणक मंद झाला’ अशी तक्रार येते. दुसरे कारण म्हणजे अनुत्तरित पृच्छा. पार्श्वभूमीवरील कामाने विचारलेला प्रश्न प्रणालीचालकाच्या रांगेत जातो आणि तेथे कोणी पाहत नसेल, तर काम तासन् तास संदेशाच्या उत्तराची वाट पाहते. चालू कामांच्या यादीत ही स्थिती स्पष्ट दिसते.

(३) आज्ञावली अयशस्वी होणे : ट्रिगरमध्ये चूक झाली असता त्याने एस्केप संदेश पाठविणे आवश्यक असते. तो पाठविला नाही, तर मूळ आज्ञावली ट्रिगरने आपले काम यथासांग केले असेच मानते. सर्वच चुका एका सरसकट सूचनेने पकडून त्या न कळविता सोडून देण्याची सवय अनेक आज्ञावलीकारांना असते. त्यामुळे पडद्यावर चूक दिसत नाही आणि माहिती मात्र अपुरी राहते. ट्रिगरमधील चूक योग्य रीतीने कळविल्यास मूळ कामाला ‘सीपीएफ ५०२बी’ हा संदेश मिळतो. हा संदेश म्हणजे केवळ निरोप होय. खरे कारण जॉब लॉगमध्ये त्याच्या आधीच्या संदेशांत असते.

(४) काम दोनदा होणे अथवा निसटणे : डेटा रांगेवर ठराविक वेळ वाट पाहूनही काही आले नाही, तर मिळालेल्या माहितीची लांबी शून्य म्हणून परत येते, पण आज्ञावलीच्या स्मृतीत मागील नोंदीचा मजकूर तसाच असतो. लांबी न तपासणारी आज्ञावली तोच मजकूर पुन्हा वापरते व एकाच शेतकऱ्याच्या नावे दोन चुकारे निघतात. याउलट, रांगेतून नोंद घेतल्यानंतर व ती फाइलीत लिहिण्यापूर्वी काम बंद पडल्यास ती नोंद रांगेतही नसते आणि फाइलीतही नसते. फाइलींतील बदल व्यवहार-नियंत्रणाखाली आणून अपुरा व्यवहार मागे घेता येतो. डेटा रांगेतून काढलेली नोंद मात्र या नियंत्रणाखाली येत नाही व ती आपोआप परत जात नाही.

दोषशोधनाची पद्धती : कोणत्याही क्रियेने पुरावा बदलण्यापूर्वी तो पाहून व जपून ठेवणे हा येथील पहिला नियम होय. त्यानंतर संदेशाचा माग, तो जेथे जन्मला तेथपासून जेथे पोहोचावयाचा तेथपर्यंत, एकेक टप्पा तपासत घ्यावा.

प्रथम रांगेतील नोंदींची संख्या पाहावी व थोड्या वेळाने पुन्हा पाहावी. संख्या वाढत असल्यास टाकणारी बाजू चालू व घेणारी बाजू अडकलेली आहे, असा अर्थ होतो. संख्या शून्य असून काम होत नसल्यास टाकणाऱ्या बाजूचा, म्हणजे ट्रिगरचा, शोध घ्यावा. अथवा त्याच रांगेवरून दुसरेच एखादे काम नोंदी उचलत नाही ना, ते पाहावे. चाचणीसाठी सुरू केलेली व बंद करण्याचे राहिलेली आज्ञावली अशा रीतीने खऱ्या नोंदी गिळते. संख्या स्थिर असल्यास दोन्ही बाजू थांबल्या आहेत असे समजावे.

त्यानंतर घेणाऱ्या कामाची स्थिती व त्यातील आज्ञावल्यांची उतरंड पाहावी. कोणती आज्ञावली कोणत्या ओळीवर थांबली आहे हे तेथे दिसते. पुढे जॉब लॉग वाचावा. तो वाचण्याची एक रीत आहे. शेवटचा संदेश सर्वांत ठळक असतो, पण तो सहसा परिणाम सांगतो. त्यावरून मागे मागे जाऊन पहिला अनपेक्षित संदेश गाठावा. प्रत्येक संदेशाला दुसऱ्या पातळीचा मजकूर असतो. त्यात कारण व उपाय दिलेले असतात. तो जॉब लॉगमध्ये उतरावा यासाठी कामाची लॉग-पातळी आधीच वाढवून ठेवावी लागते. काम व्यवस्थित संपल्यास जॉब लॉग छापला जाऊ नये अशी योजना पुष्कळ ठिकाणी असते; ती जागेच्या दृष्टीने सोयीची, परंतु चूक गिळणाऱ्या आज्ञावल्यांच्या बाबतीत घातक ठरते. कोणते काम केव्हा सुरू झाले व केव्हा संपले हे प्रणालीच्या इतिहास-लॉगवरून कळते.

वारंवार भेटणारे काही संदेश ध्यानात ठेवणे उपयुक्त असते. ‘सीपीएफ ४१०१’ म्हणजे फाइल सापडली नाही. फाइल प्रत्यक्षात असूनही हा संदेश आल्यास त्या कामाची लायब्ररी-यादी तपासावी. ‘सीपीएफ ४१३१’ म्हणजे आज्ञावली तयार केल्यानंतर फाइलीची रचना बदलली. ‘एमसीएच १२०२’ म्हणजे अंकांच्या जागी अंक नसलेला मजकूर आला. ‘सीपीएफ २४६०’ म्हणजे संदेश रांग आणखी वाढविता येत नाही. रांग भरल्यावर चूक कळवावी की जुने संदेश काढून जागा करावी हे आधी ठरविता येते. दुसरा पर्याय निवडल्यास काम थांबत नाही, पण जुने संदेश नाहीसे होतात.

उदाहरणातील दोषाचा शोध : भिवापूरच्या कल्पित केंद्रावर ही पद्धती लावल्यास पुढील गोष्टी आढळतील. डेटा रांगेतील संख्या वाढत आहे; अर्थात ट्रिगर चालू आहे. घेणारे काम संदेशाच्या उत्तराची वाट पाहत आहे. प्रणालीचालकाच्या रांगेतील पृच्छा ‘एमसीएच १२०२’ या चुकीतून निघालेली आहे व आज्ञावली वजन आणि दर यांचा गुणाकार करणाऱ्या ओळीवर थांबली आहे. येथे उत्तर देण्याची घाई न करता, आज्ञावलीच्या स्मृतीतील मजकूर छापून घेण्याचा पर्याय निवडावा. कारण अडलेली नोंद रांगेतून आधीच निघालेली असून ती आता फक्त या स्मृतीत आहे. छापील मजकुरात दराच्या जागी कोरी अक्षरे दिसतात.

आता कोरा दर कोठून आला, हा प्रश्न उरतो. पडद्यावरून भरलेला दर कोरा राहू शकत नाही, कारण तेथे तो तपासला जातो. अधिक शोध घेता, दुसऱ्या केंद्राहून आलेल्या नोंदी क्षेत्रांची जुळणी न तपासता सरसकट तोल-फाइलीत नकलल्या गेल्या, असे निष्पन्न होते. ट्रिगर त्याही वेळी चालला व त्याने सदोष नोंदी निमूटपणे रांगेत ठेवल्या. याप्रमाणे लक्षण चुकाऱ्याच्या खिडकीवर, बिघाड घेणाऱ्या आज्ञावलीत आणि मूळ दोष सकाळच्या एका नकलेत, अशी ही साखळी आहे. घेणारी आज्ञावली तिच्या लिहिण्याप्रमाणेच वागलेली असते. तिच्यात केवळ कोरा दर शून्य मानण्याची ‘दुरुस्ती’ केली असती, तर त्या शेतकऱ्यांच्या नावे शून्य रुपयांचे चुकारे निघाले असते आणि दोष अधिकच लपला असता.

दुरुस्तीही त्याच क्रमाने करावी लागते. तोल-फाइलीतील दर सुधारावेत. सदोष प्रती रांगेत असल्यास त्या नकलून बाजूस काढाव्यात. घेणारे काम सुरू करावे. शेवटी तोल-फाइल व चुकारा-फाइल यांची पावती क्रमांकावरून तुलना करावी आणि ज्या पावत्यांचा चुकारा नाही तेवढ्याच नोंदी पुन्हा रांगेत घालाव्यात. ही तुलना होईपर्यंत काम पूर्ण झाले असे मानू नये.

प्रतिबंधक योजना : अनुभवाने सिद्ध झालेले काही संकेत असे. (१) जी नोंद रांगेत आहे ती रांगेबाहेर कोठेतरी कायमस्वरूपी लिहिलेली असावी. रांग हे वाहतुकीचे साधन आहे, कोठार नव्हे. (२) प्रत्येक नोंदीला एकमेव क्रमांक असावा व निकालाच्या फाइलीत तो दुसऱ्यांदा स्वीकारला जाऊ नये. मग तीच नोंद चुकून दोनदा रांगेत घातली, तरी पैसे एकदाच जातात. (३) नोंद ग्राह्य आहे की नाही याची तपासणी क्रियेपूर्वी चालणाऱ्या ट्रिगरमध्ये करावी. तेथे ती नाकारता येते. (४) ट्रिगर आटोपशीर ठेवावा. वेळखाऊ काम त्याने स्वतः न करता रांगेकडे सोपवावे. (५) चूक पकडताना अपेक्षित संदेशच नावानिशी पकडावेत व बाकीचे वर जाऊ द्यावेत. (६) जी नोंद वारंवार अपयशी ठरते ती रांगेच्या तोंडाशी राहून मागील सर्वांना अडविते. तिच्यासाठी वेगळी ‘अग्राह्य’ रांग ठेवावी व ती रोज पाहण्याचे काम कोणाकडे तरी नेमून द्यावे. (७) ट्रिगर नव्याने तयार केल्यावर, फाइल उघडून बसलेल्या कामांत जुनीच प्रत चालत राहू शकते. म्हणून असा बदल कामे थांबवून करावा. (८) पृच्छांना आपोआप उत्तरे देणाऱ्या उत्तर-यादीत सरसकट उत्तरे घालू नयेत. प्रत्येक संदेशाला ‘दुर्लक्ष करा’ असे उत्तर देणारी यादी चालकाची झोप वाचविते, पण तिने टाळलेला प्रत्येक प्रश्न पुढे हिशेबात उभा राहतो.

महत्त्व : बँका, विमा, वखारी, रुग्णालये व कारखाने यांचे दैनंदिन व्यवहार आज मोठ्या प्रमाणात घटनाचालित आज्ञावल्यांवर अवलंबून आहेत. अलीकडच्या महाजालीय सेवाही, नावे व साधने वेगळी असली, तरी रांग व ट्रिगर याच दोन कल्पनांवर उभ्या आहेत. वर वर्णन केलेले दोषांचे चारही गट त्यांत जसेच्या तसे आढळतात. वहीखात्याच्या काळात कारकुनाच्या मेजावर साचलेला कागदांचा ढीग येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत असे. संगणकातील रांग मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसत नाही. म्हणून तिची लांबी, तिच्यातील सर्वांत जुन्या नोंदीचे वय आणि अनुत्तरित पृच्छांची संख्या या तीन गोष्टींची नियमित पाहणी ही कोणत्याही दुरुस्तीहून अधिक मोलाची ठरते. रांगेतील प्रत्येक नोंदीमागे कोणाचे तरी काम अथवा देणे थांबलेले असते, हे चालक व आज्ञावलीकार या दोघांनीही लक्षात ठेवणे आवश्यक आहे.